फोटो फोनने काढला की तुम्ही?

तुमचा प्रश्न वाचला. कासच्या पठारावर फोनने काढलेले फोटो सगळ्यांना आवडले, पण गावात वर्षानुवर्षं फोटो स्टुडिओ चालवणारे तुमचे काका म्हणाले, "हे फोनने काढलेत, तू नुसतं बोट लावलंस." ते तुम्हाला लागलं. आता तुम्ही विचारताय, की सगळं आपोआप व्हायला लागल्यावर फोटोग्राफीत कला उरली का, साठ-सत्तर हजारांचा कॅमेरा घेऊन मॅन्युअल (सगळे आकडे हाताने ठरवणं) शिकलो तर काकांचं तोंड बंद होईल का, आणि फोनच्या फोटोची भिंतीवर लावण्याएवढी प्रिंट निघते का. शेवटचा प्रश्न सगळ्यात सोपा आहे, त्याचं उत्तर शेवटी देतो.

काकांचं तोंड बंद होणार नाही. कॅमेरा घेतलात तर म्हणतील कॅमेऱ्याने काढला. पण त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असंही नाही. फोटो काढताना दोन वेगळी कामं चाललेली असतात. एक मोजण्याचं: उजेड किती, अंतर किती, शटर किती वेळ उघडं ठेवायचं. दुसरं ठरवण्याचं: उभं कुठे राहायचं, बटण कधी दाबायचं, चौकटीबाहेर काय ठेवायचं, काय काळं पडू द्यायचं. मोजण्याचं काम यंत्राकडे गेलं तर त्यात रडण्यासारखं काही नाही. गोची अशी आहे, की आजचा फोन मोजता मोजता ठरवायलाही लागतो आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. तुमच्या कासच्या फोटोतलं ठरवणं तुमचं होतं की फोनचं, हे मी इथून सांगू शकत नाही. ते कसं ओळखायचं तेवढं सांगू शकतो.

एक गोष्ट आधी मान्य करतो. हे सगळं फोटो कशासाठी आहे त्यावर अवलंबून आहे. आजीच्या पंच्याहत्तरीचा फोटो पाच मिनिटांत घरच्या ग्रुपवर टाकायचा असेल, तर खाली लिहिलेलं काहीही करू नका. फोन ते काम उत्तम करतो.

"सोपं झालं आणि कला बुडाली" ही ओरड जुनीच आहे. १८५१ नंतर ओल्या काचेची पद्धत आली. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून एक्स्पोज करायची आणि दहा-पंधरा मिनिटांत धुऊन मोकळं व्हायचं. काच वाळली की फोटो गेला. म्हणून बाहेर फोटो काढायला निघालेला माणूस तंबू आणि रसायनांच्या बाटल्या सोबत वागवायचा. पुढे तयार कोरड्या काचा मिळू लागल्या. १८८८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने कोडॅक कॅमेरा काढला. आत शंभर फोटोंचा रोल भरूनच यायचा, संपला की अख्खा कॅमेरा कंपनीला परत पाठवायचा. जाहिरात अशी, की बटण तुम्ही दाबा, बाकीचं आम्ही बघतो. आजच्या फोनची जाहिरात याहून फार वेगळी नाही.

त्या काळी हातात धरायचा कॅमेरा म्हणजे हौशी लोकांचं खेळणं समजलं जाई. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हा अमेरिकन छायाचित्रकार असाच कॅमेरा घेऊन १८९३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर हिमवादळात तीन तास उभा राहिला. घोडागाडी त्याला हवी तशी, हवी तिथे यायची होती. नंतर त्याने निगेटिव्हचा बराच नको असलेला भाग सरळ कापून टाकला. छोट्या कॅमेऱ्याने त्याची ट्रायपॉडची हमाली वाचवली. तीन तास थंडीत उभं राहणं काही वाचवलं नाही. पुढे १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० हा बॉडीतच ऑटोफोकस असलेला कॅमेरा आला, मग डिजिटल, मग फोन. दर वेळी मोजण्यातलं एकेक काम गळून पडलं.

काकांच्या पिढीने ती मोजमापं हाताने केली आणि ती सोपी नव्हती. रोल धुण्याचंच बघा. ट्राय-एक्स या कृष्णधवल फिल्मचा रोल डी-७६ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात), एकास एक पाणी घालून, २० अंशाला पावणेदहा मिनिटं धुवायचा, हा नियम. आता सांगली-मिरजेत एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी घ्या, ते ३० अंशांच्या वरच असणार. त्या पाण्यात तेवढाच वेळ ठेवला तर निगेटिव्ह जाड आणि काळीकुट्ट होते, दाणा फुटतो. वेळ कमी करत पाच मिनिटांच्या खाली आणला तर डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही, आकाशात पट्टे उमटतात. म्हणून परातीत बर्फ घालून त्यात बाटल्या उभ्या करायच्या. त्यातही नुसता डेव्हलपर थंड केला आणि फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) गरमच राहिला, तर इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या थराला, सुरकुत्या पडतात, त्या परत जात नाहीत. सगळ्या बाटल्या आणि धुण्याचं पाणी एकाच तापमानाला आणावं लागे. हे कसब मोठं आहे. पण उत्तम धुतलेल्या रोलमध्येही रटाळ फोटो असायचे, अल्बमच्या अल्बम भरून.

तुमच्या काकांचं दुखणं बरंचसं धंद्याचं असावं, आणि ते खरं आहे. रोल धुणं गेलं, पासपोर्ट फोटो गेले, निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करणारा हात रिकामा झाला. (आणि हो, आजच्या ब्युटी फिल्टरचं काम ती पेन्सिलच करायची. फरक इतकाच, की कुणाचा कुठला डाग काढायचा आणि कुठला तीळ ठेवायचा हे काका तोंडाकडे बघून ठरवत.)

आता फोन काय काय परस्पर ठरवतो, ते बघू.

कासचं धुकं घ्या. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा कुठलाही मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो, साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं. धुकं त्याहून बरंच उजळ असतं, म्हणून साधा कॅमेरा ते काळवंडून मळकट करतो. फोन त्यापुढे जातो. त्याच्या लेखी धुकं हा दोष असतो. तो सात-आठ फ्रेम एकत्र करतो, काळे भाग अधिक काळे करतो, कडा धारदार करतो आणि धुकं जवळजवळ पुसूनच टाकतो. तुम्ही पहाटे उठून ज्यासाठी गेलात तेच फोटोत नाही. उपाय अवघड नाही. प्रो मोडमध्ये (आकडे हाताने ठरवायच्या सेटिंगमध्ये) जा, रॉ फाइल (फोनने फारसा हात न लावलेला कच्चा फोटो) चालू करा, एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, +०.७ ते +१ ठेवा. नंतर फाइल उघडल्यावर सवयीने ब्लॅक्सचा (काळ्या भागांचा) स्लायडर खाली ओढू नका. धुक्यात खरा काळा रंग नसतोच, सगळ्यात गडद भागही करडाच असतो. तो करडा राहू दिला की फोटोत ओल येते.

फुलांचं गणित उलटं. सेन्सर रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनेलमध्ये मोजतो. सोनकीचा पिवळा रंग म्हणजे त्याच्या हिशोबात लाल आणि हिरवा हे दोन्ही चॅनेल गच्च भरलेले. एकूण एक्स्पोजर बरोबर दिसतं, पण लाल चॅनेल आधीच उडालेला (जास्त उजेडाने तपशील गेलेला) असतो. मग पाकळ्यांच्या शिरा जातात, फूल म्हणजे पिवळ्या रंगाचा ठिपका उरतो. तिथे -०.७ करा. जमलं तर तिन्ही चॅनेलचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, एकत्र हिस्टोग्राम इथे फसवतो. सीतेची आसवं या फुलांचं दुखणं आणखी वेगळं, त्यांचा जांभळा रंग बऱ्याच फोनमध्ये निळा येतो. फुलाचा खरा रंग काय होता ते डोळ्यांनी बघून लक्षात ठेवावं लागतं, कारण घरी आल्यावर फाइल सांगते तेच खरं वाटायला लागतं. आणि ही झाडं फार उंच नसतात, तेव्हा उभ्याने वरून काढलेला फोटो म्हणजे जाजमाचा फोटो. फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीलगत येते, आणि वाटेच्या कडेनेच काढा. एका फोटोसाठी आत पाय टाकून दहा झाडं चिरडणाऱ्याच्या कलेबद्दल मला बोलायचंच नाही.

आता मिरजेत या, म्हणजे मुद्दा नीट दिसेल. सतार-तंबोरे करणाऱ्यांची दुकानं आहेत. आत अंधार, रस्त्याकडचं दार हाच उजेड. कारागीर मांडीवर भोपळा घेऊन बसलाय, पॉलिश केलेल्या भोपळ्याच्या गोलाईवर दाराचा उजेड एका पट्टीसारखा पडलाय, मागे भिंतीला टांगलेले भोपळे अंधारात अर्धेमुर्धे दिसताहेत. फोन काढला आणि बटण दाबलं, तर काय येतं? मागचा अंधार उजळतो. त्यातून कोपऱ्यातलं कॅलेंडर, प्लॅस्टिकचं पिंप, वायरींचं भेंडोळं, सगळं व्यवस्थित दिसायला लागतं. भोपळ्यावरची ती पट्टी दाबली जाते. कुठेही चूक नाही, सगळं स्पष्ट आहे, आणि फोटो मेलेला आहे. सगळं दिसलं पाहिजे हे फोन बनवणाऱ्यांनी ठरवलं, कारण बहुतेक लोकांना तसंच आवडतं.

तिथे असं करावं. आधी दारातून बाजूला व्हा. दारात उभं राहिलात तर उजेड तुम्हीच अडवता, आणि जो उरतो तो समोरून सपाट पडतो. आत जाऊन अशी जागा घ्या, की दार तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. मग भोपळ्यावरच्या सगळ्यात उजळ जागेवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल. त्यानंतर एक्स्पोजर -१ ते -१.३ वर आणा. एचडीआर (अनेक फ्रेम जोडून अंधार उजळणारी सोय) बंद होत असेल तर बंद करा. होत नसेल तर प्रो मोडमध्ये रॉ काढा, त्यात ही सफाई सहसा लादलेली नसते. कॅलेंडर अंधारात जाईल. ते अंधारात घालवणं हा तुमचा निर्णय आहे, आणि काकांना दाखवायचा फोटो हा आहे.

उभं कुठे राहायचं यात आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे अंतर. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ मिमीच्या हिशोबाची, म्हणजे रुंद दृश्य घेणारी असते. चेहरा चौकटीत भरायला तुम्ही अर्ध्या मीटरवर जाता, आणि नाक मोठं, कान मागे गेलेले असा चेहरा येतो. लोक लेन्सला दोष देतात. दोष अंतराचा असतो. दोन मीटर मागे सरका आणि २एक्स लावा. चेहरा माणसाचा दिसायला लागेल.

चेहऱ्यांवरून एक तक्रार. आपल्याकडचे रापलेले चेहरे फोन स्वतःच्या मनाने गोरे करतो. शेतात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्या गुळगुळीत करतो. डोक्यावर पांढरी टोपी आणि खाली सावळा चेहरा असला, की फोन चेहरा ओळखून तो उजळतो आणि टोपी उडवून टाकतो, तिची घडी दिसेनाशी होते. ब्युटी शून्यावर आणा (काही फोनमध्ये ते मूळचंच चालू असतं, सेटिंगमध्ये खोल दडलेलं), टोपीवर मीटर करा आणि चेहरा आहे तेवढा गडद राहू द्या. सावलीत, एखाद्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून माणूस बसवला तर भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्याला पुरतो.

भंडाऱ्याचं, म्हणजे खंडोबाला उधळतात त्या हळदीचं, मी नेहमी सांगतो, कारण तिथे फोनच्या दोन्ही चुका एकदम दिसतात. कराड तालुक्यातल्या पालीला पौषात खंडोबाची यात्रा भरते, हवेत नुसता भंडारा असतो. पहिली चूक रंगाची. सगळी चौकट पिवळी दिसली, की ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाचा रंग ओळखून पांढरं पांढरंच ठेवणाऱ्या सोयीला) वाटतं की उजेडच पिवळा आहे, आणि तो त्यात निळा घालतो. भंडारा फिका लिंबोणी होतो, पांढरे सदरे निळसर होतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या ढिगाशेजारी हेच होतं. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनला बांधून टाका आणि दिवसभर हात लावू नका. दुसरी चूक अशी, की एकापेक्षा जास्त फ्रेम एकत्र करायच्या म्हणजे मधल्या वेळात काही हलता कामा नये. इथे तर सगळंच हलतंय. वर गेलेल्या हाताला दुहेरी कडा येते, भंडाऱ्याचा दाणा जाऊन पिवळी पेस्ट होते. एचडीआर बंद, शटर १/१००० (सेकंदाचा हजारावा भाग), आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) लागेल तेवढा. दाणा न् दाणा दिसेल. किंवा उलट, १/३० वर आणा आणि भंडारा ओघळू द्या. मग गर्दीत निदान एक स्थिर चेहरा शोधावा लागेल, नाहीतर नुसता हललेला फोटो होईल. १/१००० की १/३०, हे कुठलाही फोन तुम्हाला विचारत नाही. त्याला विचारायचं सुचतच नाही.

पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी खोटी असते, हे तुम्हाला माहीत असेलच. फोनचा सेन्सर एवढा छोटा, की त्याची एफ १.८ ची लेन्स फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या) हिशोबात एफ ७ च्या आसपास जाते. एफचा आकडा लहान, तेवढं लेन्सचं तोंड मोठं आणि मागचं जास्त धूसर. मागचं खऱ्या अर्थाने धूसर होणं कठीण, म्हणून तो अंतराचा अंदाज बांधून रंगवतो. फेट्याचा तुरा, चष्म्याची काडी, कानामागचे केस इथे त्याचा अंदाज चुकतो. धूसरपणा एफ ४-५.६ एवढा ठेवलात तर चुका कमी दिसतात.

मोठ्या कॅमेऱ्यातही फसगत आहेच, फक्त वेगळी. लग्नाचं उदाहरण देतो. डोळा ओळखणारा ऑटोफोकस जबरदस्त असतो. पण नवरीला मुंडावळ्या बांधल्या, की मोत्यांची लड डोळ्याच्या दोन-तीन सेंटीमीटर पुढे लोंबते. ८५ मिमी लेन्स, एफ १.८, अंतर दीड मीटर, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सगळा मिळून जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. फोकस लडीवर बसला की डोळा आउट. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ते कळत नाही, अल्बम छापल्यावर कळतं. एफ ४ ला हाच पट्टा साडेसात सेंटीमीटरचा होतो, लड आणि डोळा दोन्ही येतात. नव्या पोरांना एफ १.८ सोडवत नाही, पैसे मोजलेत ना त्यासाठी.

मांडवातले एलईडी हे दुसरं दुखणं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरने १/५०० ला फोटो काढला तर आडवे काळे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० वर या, मेकॅनिकल शटर वापरा, अँटी-फ्लिकर (दिव्यांची ही लुकलुक टाळणारी सोय) चालू करा. रंगीत एलईडीची वारंवारता वेगळी असते, तिथे एक फ्रेम काढून झूम करून बघण्यावाचून इलाज नाही, आणि हे अक्षता पडायच्या आधी करायचं.

म्हणजे काम सोपं झालं, पण डोक्याचा ताप गेला नाही, त्याने जागा बदलली. सगळ्यात जास्त तो सरकला निवडीकडे. ३६ फोटोंच्या रोलमध्ये निवड बटण दाबण्याआधी व्हायची. आता कॅमेरा सेकंदाला वीस फ्रेम मारतो, तीन सेकंद बोट ठेवलं की साठ. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनच्या बगाड यात्रेला गेलात तर दीड हजार फ्रेम घेऊन परत याल. त्या दीड हजारांतून बारा काढता आल्या नाहीत, तर तुम्ही फोटो काढलेलेच नाहीत, गोळा केलेत.

निवडीची रीत अशी ठेवावी. त्याच दिवशी फक्त हललेले आणि आउट झालेले उडवा, बाकी कशावरही मत बनवू नका, कारण त्या दिवशीची धावपळ आणि गर्दीतले धक्के फोटोवर सांडलेले असतात. चार-पाच दिवस जाऊ द्या. मग सगळे फोटो टपाल तिकिटाएवढे छोटे करून बघा. एवढ्या छोट्या आकारात मांडणी कळली नाही, तर मोठ्यातही ती गोंधळलेलीच असणार. उरतील त्यांत एकसारख्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीतला एक काढा. "दोन्ही छान आहेत" म्हणायला बंदी. शेवटच्या तीस-चाळीसच्या ४×६ च्या प्रिंट काढून जमिनीवर मांडा. स्क्रीनवर प्रत्येक फोटो एकटा असतो आणि पाठून उजेड असल्याने देखणा वाटतो. जमिनीवर शेजारी शेजारी आले, की कुठला नुसता रंगावर जगतोय ते लगेच दिसतं.

मॅन्युअल शिकायचं का? दोन महिने शिका, जरूर शिका, म्हणजे यंत्र काय ठरवतंय ते ओळखता येईल. पण मॅन्युअल म्हणजे काही सोवळं नव्हे. गर्दीत, उन्हा-सावलीत पळापळ असेल तर ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं तोंड तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), ऑटो आयएसओ, कमीत कमी शटर १/२५० आणि अंगठा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनवर, म्हणजे एक्स्पोजर कमी-जास्त करायच्या चकतीवर. तिथे मॅन्युअल लावून बसणारा नुसता आकडे फिरवतो आणि समोरचं निसटतं. उजेड बदलत नाही तिथे मॅन्युअल: फ्लॅश लावलेला मांडव, स्टुडिओ, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या रात्री, धबधबा. ठोसेघरला ढगाळ दुपारी एफ ११, आयएसओ १०० ला शटर १/३० च्या आसपास येतं. पाण्याला लोकरीसारखं करायला अर्धा सेकंद हवा, म्हणजे चार स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची काळपट काच; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि ट्रायपॉड. फोन हेच काम बऱ्याच फ्रेमची सरासरी काढून करतो आणि ठीक करतो. मात्र पाणी लोकरीसारखं करावंच का, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही. पावसाळ्यात तो धबधबा गर्जत असतो, मला तो १/५०० ला जास्त खरा वाटतो.

आकाश बदलणं, माणूस पुसणं, काही फोन चंद्रावर स्वतःच तपशील भरतात ते, याबद्दल दोनच वाक्यं. फोटो बघणाऱ्याला तुम्ही काय सांगितलंय त्यावर ते ठरतं: लग्नाच्या अल्बममध्ये मागचं जनरेटर पुसा, कुणाची हरकत नाही, वर्तमानपत्राला किंवा निसर्ग छायाचित्रांच्या स्पर्धेला देताना काहीही पुसू नका, आणि मूळ रॉ फाइल जपून ठेवा, मागतात.

कॅमेरा घ्यायचा की नाही ते तुम्हाला काय काढायचंय त्यावर आहे. मायणीच्या तलावावरचे पक्षी काढायचे असतील तर फोन चालणार नाही, ४०० मिमीपर्यंतची लेन्स लागेल, आणि तुमच्या बजेटचा मोठा भाग तीच खाईल, मग बॉडी जुनी घ्या. सीतेच्या आसवांचा एकेक तुरा काढायचा असेल तर मॅक्रो (अगदी जवळून काढायची) लेन्स. कमी उजेडातले कार्यक्रम, लग्नं धंदा म्हणून करायची असतील तर कॅमेरा हवाच, आणि किट लेन्सच्या (कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लेन्सच्या) जोडीला ५० मिमी एफ १.८ घ्या. यातलं काहीच नसेल, निसर्ग आणि गावातली माणसं हेच विषय असतील, तर वर्षभर थांबा. फोनवर रोज ३६ च फोटो, एकच लेन्स, त्या दिवशी एकही डिलीट करायचा नाही, असे तीन महिने काढा. फोनमध्ये तुम्हाला नेमकं काय कमी पडतंय ते त्यानंतर बोट ठेवून सांगता येईल. आज तुम्हाला फक्त काकांची शाबासकी कमी पडतेय.

आता प्रिंट. १२ मेगापिक्सेलची फाइल म्हणजे ४००० × ३००० पिक्सेल. हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे १३ × १० इंच सहज निघते. भिंतीवरचा फोटो पाच-सहा फुटांवरून बघतात, तिथे २०० पुरतात, म्हणजे २० × १५ इंच. ५० मेगापिक्सेलचा मोड भर उजेडातच वापरा, कमी उजेडात त्याने फक्त फाइल मोठी होते. आणि लॅबला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. साध्या सेटिंगवर तो साधारण १६०० पिक्सेलवर येतो, ३०० च्या हिशोबाने पाच इंच. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या.

स्क्रीनपेक्षा प्रिंट गडद येते, म्हणून फाइल साधारण पाव ते एक तृतीयांश स्टॉप उजळ करून द्या. धुक्याला मॅट पेपर, चकचकीत नको. लॅबवाल्याला "करेक्शन बंद ठेवून मारा" असं आवर्जून सांगा, नाहीतर तिथलं मशीन तुमचं धुकं पुन्हा एकदा साफ करेल आणि मिरजेचं कॅलेंडर परत उजेडात आणेल. थेट मोठी मारू नका. फोटोतला सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ भाग येईल असा तुकडा मोठ्या प्रिंटच्याच मापाला ४×६ वर छापून घ्या. तो तुकडा दिवसाच्या उजेडात काकांना दाखवा. टेस्ट स्ट्रिप (मोठ्या प्रिंटआधीचा चाचणीचा तुकडा) बघून तयार झालेली नजर आहे. काळ्यात किती जीव शिल्लक आहे आणि पांढरं कुठे उडालंय, ते लगेच बोट ठेवून सांगतील. ते सांगतील तेवढं दुरुस्त करा आणि मग मोठी मारा.